खांबाच्या आत एक वीत

कागद वाचता वाचता आनिसेतोने एका शब्दापाशी आवाज थोडा चढवला, आणि कोस्मे एलोर्दीच्या हातातला कॉफीचा पेला बशीवर इतक्या जोरात टेकला की शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्याने वर्तमानपत्र खाली करून पाहिलं. शब्द होता ‘निर्विवाद’. “सन एकोणीसशे नऊच्या उत्तर चषकाचा निर्विवाद विजेता असलेला ओलाबेरीचा फुटबॉल क्लब,” एवढं वाचून आनिसेतो थांबला. “कसं वाटतं, कोस्मेसाहेब? आधी नुसतं ‘विजेता’ लिहिलं होतं. उघडंबोडकं दिसत होतं. काल टपालकचेरीत शिक्के मारता मारता दिवसभर शोधत होतो, तेव्हा हा सापडला.” “चांगला आहे,” कोस्मे म्हणाला. “जड नाही ना होत?” “नाही होत.” “नाही, तुमच्या तोंडून निघायचाय ना तो, म्हणून विचारलं. आज बारा वाजता सगळ्यांसमोर वाचायचंय तुम्हाला.” आनिसेतो क्लबचा चिटणीस. ओलाबेरीत येऊन त्याला आठच वर्षं झाली होती. तो सामना त्याने पाहिलेला नव्हता, आणि न पाहिलेल्या गोष्टीवर माणसाचा जसा जीव जडतो तसा त्याचा त्या चषकावर होता. त्याने कागद पुन्हा पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमध्ये ठेवला. सरकारी शिक्क्याचा कागद होता तो, फुटबॉल महासंघ साध्या कागदावरचा अर्ज घेत नसे. असा कागद तिथे तंबाखूच्या दुकानात विकत मिळे; काल, शनिवारी संध्याकाळी त्याने दुकानातला शेवटचा मिळवला होता. “यावर डाग पडला तर मेलो,” तो म्हणाला. “आज रविवार, दुकान बंद, आणि उद्या सकाळी आठला महासंघाच्या टेबलावर अर्ज हवा. तुम्ही सही करा, मी तीनच्या गाडीत बसतो.”

नव्या लीगमध्ये सहा संघ घ्यायचे होते. पाच ठरले होते. सहाव्या जागेसाठी ओलाबेरी आणि खाडीपलीकडचं लेकुओना असे दोघे उरले होते, आणि महासंघाने नियम केला होता की ज्याने कधीकाळी उत्तर चषक जिंकला असेल त्याचा हक्क पहिला. तेव्हा हे भांडण आता मैदानावरचं राहिलंच नव्हतं. एकोणीस वर्षांपूर्वीच्या एका दुपारीच ते संपलेलं होतं, आता फक्त तसं लिहून द्यायचं होतं. जो आत जाईल त्याच्याकडे मोठमोठे संघ आगगाडीने खेळायला येतील. जो बाहेर राहील त्याचे चांगले खेळाडू वर्षभरात दुसऱ्यांकडे जातील, मैदानावर पुन्हा गुरं चरतील. हे गावात शेंबड्या पोरालासुद्धा कळत होतं. आणि क्लबची रीत अशी की बाहेर जाणारा महत्त्वाचा कागद अध्यक्षाने सभासदांसमोर उभं राहून मोठ्याने वाचायचा आणि मगच सही करायची. अध्यक्ष म्हणून इतकी वर्षं कोस्मेला ही रीत आवडत असे. आज त्याला वाटलं, नुसती सही असती तर जमलं असतं. हाताला काय, सांगितलं की तो करतो. “येतो बाराला,” म्हणून तो उठला, टोपी घातली, आणि घराकडे वळायच्या ऐवजी धक्क्याकडे चालायला लागला. का, ते त्याला ठाऊक नव्हतं. म्हणजे ठाऊक होतं, पण ते त्याने स्वतःला सांगितलं नव्हतं.

ओहोटी लागली होती. खाडीपलीकडे जाणारी नाव रिकामीच होती. माशांची टोपली घेतलेली एक बाई आणि तो. खाडीच्या काठाचा चिखल उघडा पडत चालला होता आणि त्याचा तो वास, लोखंडासारखा, कुजक्या गवतासारखा, नाकात शिरला. त्या सामन्याच्या दिवशीही हाच वास होता. खेळायला तेव्हा धड मैदान नव्हतं, खाडीकाठची ही पट्टी होती. ओहोटी लागली की सामना सुरू, भरती आली की बंद. दोन खांब, वर आडवी दांडी, आणि मागे काही नाही. जाळं नव्हतं. आजच्या मुलांना हे सांगितलं तर खरं वाटत नाही, ती विचारतात, मग गोल झाला हे कळायचं कसं? तर बघा, बहुतेक वेळा कळायचंच, सगळ्यांना दिसायचं. पण चेंडू खांबाला घासून जोरात गेला, मागच्या खाजकुयलीत जाऊन पडला, आणि पंच लांब असला, की तो पळत येऊन गोलरक्षकाला विचारायचा: आत की बाहेर? आणि गोलरक्षक सांगेल ते खरं. इंग्रज खलाशांनी खेळाबरोबर आणलेली ही पद्धत होती; ती ते स्वतः किती पाळत देव जाणे, पण आमच्याकडे ती मुरली. गुरांच्या बाजारात बैलजोडी विकली जायची तीही हातावर हात मारून, कागद कुणी करत नसे. शब्द खोटा निघाला असा माणूस पुढच्या बाजारात दिसतच नसे. त्यामुळे गोलरक्षकाला विचारणं यात कुणाला काही वेगळं वाटायचं नाही. न विचारलं असतं तर अपमान वाटला असता.

नावाड्याने वल्हं उचललं, पाणी टपटप गळलं. कोस्मेने डोळे मिटले तर चेंडू आलाच. चषकाचा अंतिम सामना, समोर लेकुओना; एक-एक बरोबरी, शेवटची काही मिनिटं. लेकुओनाचा सातूर आरुती उजवीकडून सुटला होता, त्याला अडवायला कुणी उरलं नव्हतं. कोस्मे पुढे आला, दोन पावलं, तिसरं टाकायला नको होतं. गोलरक्षकाला पाय दिसतो, चेंडू नाही. पाय कुठे वळतो ते बघायचं आणि तिकडे पडायचं. सातूरचा पाय बाहेरच्या बाजूला वळला आणि कोस्मे तिकडे पडला, आणि चेंडू आतल्या बाजूने त्याच्या कोपराला वारा घालून गेला. पडल्या पडल्या त्याने मान वळवली. चेंडू खांबाच्या आत ओल्या चिखलात एकदा आपटला, त्याचा ठसा उमटला, पावाच्या लादीएवढा, आणि उसळून तो मागच्या खाजकुयलीत गेला. खांबाच्या आत एक वीत. त्याने ते पाहिलं. पाहिलं नसतं, डोळ्यात चिखल गेला असता, ऊन आलं असतं, असं एकोणीस वर्षांत त्याने मनात शंभरदा करून पाहिलं. काही रात्री तर ऊन यायचंही. पण त्या दिवशी आभाळ भरलेलं होतं.

पंच हॉलिस, कोळशाच्या आगबोटींचा एजंट, मैदानाच्या मध्यापासून धापा टाकत येत होता. त्याला यायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात कोस्मे उठला. उठणं साहजिक होतं. पण उठून तो जिथे उभा राहिला ते साहजिक नव्हतं. तो ठशावर उभा राहिला, आणि बुटाचा तळवा त्याने एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे फिरवला. मग हॉलिसने विचारलं. कोस्मेने सांगितलं, “बाहेर.” लोक म्हणतात, घाईत तोंडातून निघून जातं, पण पाय आधी फिरला होता, तोंड नंतर उघडलं. हॉलिसने काय केलं? त्याने टोपी काढली. एका सभ्य माणसाने दुसऱ्या सभ्य माणसाला करावा तसा नमस्कार करून तो वळला. लेकुओनाच्या अकरा जणांत एकानेही तोंड उघडलं नाही. सातूर तेवढा जवळ आला, कोस्मेचा हात हातात घेतला आणि म्हणाला, “मला वाटलं, आत गेला. माझंच चुकलं.” कोस्मेने चेंडू ठेवला, लांब मारला, तो पुढे कुणाच्या तरी डोक्यावर बसला आणि त्याच चढाईत ओलाबेरीचा दुसरा गोल झाला. रात्री त्याला खांद्यावर घेऊन गावभर फिरवलं. ‘कुलूप’ हे नाव त्याच रात्री पडलं. गोलला कुलूप लावणारा. अजूनही बाजारात म्हातारे हाक मारतात, काय रे कुलप्या, आणि तो हसतो, आणि हसताना आपला बूट फिरतोय असं त्याला पायात जाणवतं. पुढे दुकान वाढलं, दोर-नांगरांचा धंदा बसला, सभासदांनी अध्यक्ष केलं, ते सगळं कुठेतरी त्या शब्दावरच उभं होतं असं त्याला वाटे. लोक म्हणत, एलोर्दीने सांगितलं म्हणजे झालं. झालं. त्याला हा शब्द ऐकवत नसे.

लेकुओनाच्या धक्क्यावर रविवार असूनही ठोकल्याचा आवाज येत होता. सातूर पिंपं बांधायचा, तारल्या खारवायची पिंपं. हंगामाच्या तोंडाशी त्याला रविवार नसे. गेल्या एकोणीस वर्षांत त्यांची भेट दहा-बारा वेळा झाली असेल, लग्नात, मयतीत, आणि प्रत्येक वेळी कोस्मेने काहीतरी कारण काढून लवकर पाय काढला होता. “अरे, अध्यक्ष!” सातूरने तोंडातले खिळे हातावर काढले. “टाय लावून लेकुओनात? कोण मेलं?” “कुणी नाही.” “मग बस. त्या पिंपावर नको, ते ओलं आहे. तिकडे.” केस गेले होते, पण खांदे तेच होते. त्याने सफरचंदाच्या दारूचा पेला भरला, आधी स्वतः एक घोट घेतला, मग पुढे केला. “आज सही ना तुमची? आमच्याकडे सगळे तोंड पाडून बसलेत. मी म्हटलं, रडता काय, चषक त्यांचा, जागा त्यांची. म्हटलं, एलोर्दीच्या तोंडून निघालंय ते.” “सातूर.” “ऐक तर. मग माझा भाऊ म्हणतो, तू गप्प बस, तू आत मारला असतास तर आज आपण अर्ज लिहीत असतो. एकोणीस वर्षं झाली, अजून म्हणतो. बायको कचरा टाकायला गेली तरी बाया ओरडतात, आत टाक गं, नवऱ्यासारखं नको.” तो हसला. कोस्मेला हसता आलं नाही. “तू पुढल्या वर्षी खेळायचा बंद झालास,” तो म्हणाला. “बंद झालो. मला तो आत दिसला होता ना, अगदी स्वच्छ. मग ज्या माणसाला चेंडू आत दिसतो आणि असतो बाहेर, त्याने खेळावं कशाला? पुढचे चारपाच सामने गोल समोर आला की पाय थांबायचा. वाटायचं, दिसतंय ते आहे का? डॉक्टरला डोळे दाखवले. तो म्हणाला, गिधाडाचे डोळे आहेत तुझे. म्हटलं, मग बिघाड आत असेल कुठेतरी.” आणि त्याने खिळा ठेवून ठोकला.

कोस्मेने काय काय ठरवलं होतं नावेत. आधी हवापाण्याचं बोलायचं, मग हळूच. पण ठोकायचा आवाज थांबेना. “तो आत होता,” तो म्हणाला. हातोडा खाली आला, आणखी एकदा आला, मग सातूरने तो मांडीवर ठेवला. बाहेर कुणीतरी बादली ओढत होतं. सातूर रागावेल, अंगावर येईल, याची तयारी कोस्मेने केली होती. एकोणीस वर्षांत त्याने मनातल्या मनात सातूरचा मार कितीतरी वेळा खाल्ला होता. सातूरने विचारलं ते वेगळंच. “किती आत?” “एक वीत.” सातूरने समोरच्या पिंपाच्या कडेला अंगठा टेकवला, करंगळी ताणली, आणि त्या अंतराकडे बघत राहिला. “एवढा,” तो म्हणाला. “मला हाताएवढा वाटला होता.” मग तो उठला, दाराशी गेला, तोंड बाहेर करून उभा राहिला. कोस्मेला वाटलं आपण जावं, आणि वाटलं जाता कामा नये. “ठसा होता,” तो म्हणाला, कारण अर्धं सांगून त्याला आणखी भीती वाटायला लागली होती. “मी तो पायाने पुसला.” “बस कर,” सातूर बाहेरच बघत म्हणाला. “एकदम सगळं घालू नकोस.” जरा वेळाने तो वळला. डोळे लाल होते. “इथे सांगून काय झालं, कोस्मे? मला सांगितलंस, मी दार लावून रडेन नाहीतर पिईन. तिकडे सांग.” “तू चल बरोबर.” “मी? मी आलो की म्हणतील लेकुओनावाल्याने मानगूट धरून आणला. नाही. तुझं तोंड तू घेऊन जा.” कोस्मे धक्क्यावर पोचला तेव्हा मागे ठोकणं सुरू झालं नव्हतं. तो कान देऊन उभा राहिला. नावाडी म्हणाला, “येताय का साहेब, पाणी जातंय.”

क्लबची खोली भाजणाऱ्या बटाट्यांच्या वासाने भरलेली होती. खाली खानावळ होती. साठ-सत्तर माणसं, धुराने आढं दिसत नव्हतं. त्या सामन्यातले त्याच्याखेरीज चौघे उरले होते. पुढच्या रांगेत बेकरीवाला रोमान, तेव्हाचा बॅक, बचावातला खेळाडू, आता दोन खुर्च्या लागतील एवढा. “या कुलूपराव,” तो ओरडला, “वाचा लवकर, बटाटे निवतायत!” आनिसेतोने पुठ्ठा उघडून कागद टेबलावर ठेवला, दौत जरा लांब सरकवली. कोस्मे उभा राहिला. महासंघाचं नाव वाचलं, तारीख वाचली. आवाज आपला वाटत नव्हता, शेजारच्या खोलीतून यावा तसा येत होता. “...उत्तर चषकाचा,” इथवर आला आणि पुढचा शब्द त्याला दिसत असून वाचता येईना. कुणीतरी खोकलं. त्याला वाटलं, आत्ता वाचून टाकलं तर फक्त सातूरला ठाऊक राहील, आणि सातूर बोलणार नाही. सातूर कधीच बोलला नाही. हे वाटलं आणि त्याचीच त्याला इतकी शिसारी आली की त्याने टेबलाची कड धरली. “तो गोल होता,” तो म्हणाला. “सातूर आरुतीचा. आत होता. मी खोटं सांगितलं.”

शांतता पसरेल, खुर्च्या पडतील, असं त्याने कल्पिलं होतं. रोमान हसला. आधी तो, मग बाकीचे तिघे, मग मागच्या रांगा. वाईट हसणं नव्हतं ते. घरात मूल मोठ्या गंभीरपणे काही सांगतं तेव्हा हसतात तसं. “अरे लेका,” रोमान डोळे पुसत म्हणाला, “हे सांगायला टाय लावलास? मी खांबाला टेकून उभा होतो! तू चिखल सारवत होतास तेव्हा हॉलिसच्या आणि तुझ्या मध्ये कोण येऊन उभं राहिलं? हे पोट तेव्हा नव्हतं, तरी पुरलं!” “माझ्या बापाने मरताना सांगितलं मला,” मागून कुणीतरी म्हणालं. “आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे, कोस्मेसाहेब.” “आम्ही कधी बोललो का तुझ्यासमोर?” रोमानचा आवाज मऊ झाला. “सांभाळलं तुला. आता कर सही.” एकोणीस वर्षं कोस्मेला वाटलं होतं की तो एकटा एका खोलीत बंद आहे. आणि ही सगळी माणसं पहिल्यापासून त्याच खोलीत बसलेली होती, त्याच्या पाठीशी, गुण्यागोविंदाने. हाक मारताना, कुलप्या म्हणताना, प्रत्येक वेळी त्यांना ठाऊक होतं. मग त्याचा शब्द म्हणजे झालं असं जे ते म्हणत, ते काय होतं? याहून त्यांनी दगड मारले असते तर सोपं होतं. खोलीत एकच माणूस हसत नव्हता. आनिसेतो. त्याचा चेहरा त्याच्या कागदासारखा झाला होता, आणि तो कोस्मेकडे न बघता स्वतःच्या त्या ‘निर्विवाद’ शब्दाकडे बघत होता.

“सही कर रे,” कुणीतरी म्हणालं. “गाडी जाईल.” कोस्मेने दौत जवळ ओढली. टाक बुडवला, थेंब कडेला निथळवला. सगळ्यांचे श्वास सैल झाले. रोमानने तर खाली हाकही दिली, बटाटे काढायला लावा म्हणून. सहीच्या जागेच्या वर तीन बोटं मोकळी जागा होती. कोस्मेने तिथे सावकाश, शाळेतल्यासारख्या अक्षरात लिहिलं: ‘त्या दिवशी लेकुओनाचा दुसरा गोल खरा होता. मी गोलरक्षक होतो. मी पंचांना खोटं सांगितलं.’ आणि खाली सही केली, पूर्ण नाव, आईच्या आडनावासकट. रोमानला बसल्या जागेवरून उलटी अक्षरं वाचायला वेळ लागला. मग तो उठला आणि खुर्ची खरोखरच पडली. “काय केलंस हे? अरे, दुसरा कागद आण! आनिसेतो, कागद!” “दुसरा नाही,” आनिसेतो म्हणाला. “दुकान उघडायला लावा! त्या तंबाखूवाल्याला उठवा!” “तो मुलीकडे गेलाय, गुरुवारी येतो.” आता कुणी हसत नव्हतं. कोणीतरी म्हणालं, फाडा तो. कोणी म्हणालं, साध्या कागदावर पाठवा, उपाध्यक्षाची सही घ्या. कोणी म्हणालं, आधी याला काढा. “तुझ्यासाठी मी देवासमोर कबुली देतानासुद्धा हे बोललो नाही,” रोमान म्हणाला. “पाद्रीलासुद्धा नाही. आणि तू आम्हाला सगळ्यांना बुडवलंस.” हलकं वाटेल असं कोस्मेला वाटलं होतं. तसं काही वाटत नव्हतं.

चाळीस हात टेबलाकडे आले. त्यांच्या आधी एक हात आला. आनिसेतोने खिशातून टीपकागद काढला, तो कोस्मेच्या ओल्या अक्षरांवर ठेवला, आणि टपालकचेरीतल्या सवयीने मुठीच्या कडेने दोनदा दाबला, घाई न करता. मग टाक घेऊन एका शब्दावर आडवी रेघ मारली, तीही टिपली, कागदाची घडी घातली, पाकिटात घातली, पाकीट कोटाच्या आतल्या खिशात घातलं आणि बटण लावलं. “इकडे दे ते,” रोमान म्हणाला. “अर्ज वाचून झाला,” आनिसेतो म्हणाला, “सही झाली. पोचवायचं काम चिटणिसाचं. तसं नियमातच आहे.” त्याने टोपी घेतली. सगळे त्याच्या वाटेत उभे होते आणि कोणीही बाजूला होत नव्हतं, आणि तो त्यांच्यापुढे उभा राहिला, किरकोळ, चष्मा लावलेला, परगावचा माणूस. कोस्मेच्या मनात आलं, पुढे व्हावं, त्याच्या बाजूला उभं राहावं; आणि त्याच क्षणी आलं, त्याला थांबवावं, म्हणावं, राहू दे, परत दे. दोन्ही इतकं खरं होतं की पाय हलेना. दारावरच्या घड्याळात एकला दहा कमी होते. तीनची गाडी यायला दोन तासांहून जास्त वेळ होता.